हौसेलाही हवी सुट्टी!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी साडेसहाची वेळ. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे रेडिओ लावला, भक्तिसंगीत सुरू झालं. माझे वडील जो अभंग लागला की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसायचे, नेमका तोच लागला. आणि मी काय केलं? गॅस बारीक केला, बाहेर आले आणि खट्‌कन रेडिओ बंद केला!

सासूबाई बघतच राहिल्या. "अगं, काय झालं?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं. खरं तर डोकं-बिकं काही दुखत नव्हतं. पेटीचे पहिले दोन सूर कानावर पडले आणि पोटात गोळा आला. शाळेत गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी यायचा ना, अगदी तसा.

मैत्रिणींनो, मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा 'मध्यमा पूर्ण'पर्यंत दिल्या होत्या. पुढे बी.ए., लग्न, मुलं आणि पेटी माळ्यावर. मुलं मोठी झाल्यावर शेजारच्या काकूंनी मंडळाची टूम काढली. पेटी खाली उतरवली, धूळ पुसली आणि पहिला 'सा' वाजला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्याच बाईला बारा वर्षांनी रेडिओ का बंद करावासा वाटला?

बरेच दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. आपलीच भक्ती कमी पडली, वय झालं, हार्मोन्सचं असेल. मग एकदा दुपारी वही घेऊन बसले आणि त्या वर्षीच्या दसरा-दिवाळीचा हिशेब मांडला. नवरात्रातल्या नऊ दिवसांत चौदा कार्यक्रम. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटेचा काकडा, म्हणजे रोज चारला उठायचं. मध्ये दोन वास्तुशांती, एक एकसष्टी आणि एका पुढाऱ्यांचा महिला मेळावा. या सगळ्यात घरचा फराळ, पाहुणे, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन आणि माझं बचत गटांचं काम होतंच. कागदावर वाचलं आणि मलाच धाप लागली.

पण नुसत्या कार्यक्रमांच्या संख्येनं माणूस असं विटत नाही. लग्नघरात आपण यापेक्षा जास्त राबतो आणि मजेत असतो. विटवतं ते वेगळंच काहीतरी.

आमच्या मंडळात चौदा जणी. "उद्या चारला सराव" असा निरोप ग्रुपवर टाकला की चौदा अंगठे येतात, प्रत्यक्षात येतात पाच जणी. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र एकसारख्या साड्या नेसून चौदाच्या चौदा हजर! साडी कोणत्या रंगाची यावर तीन दिवस चर्चा, अभंग कोणता यावर तीन मिनिटंही नाही. बारा वर्षांत आमचे ठरलेले दहा-अकरा अभंग, दोन गौळणी आणि शेवटची भैरवी. नवीन काही बसवू म्हटलं की, "अगं, लोकांना हेच आवडतं." हेच हेच वाजवून बोटं आपोआप चालायला लागली होती. माझं मन तेव्हा कुठे असायचं? परतल्यावर कुकर लावायचा की खिचडी टाकायची, या विचारात!

त्यात पट्टीचं दुखणं. सरावात काळी चार ठरायची. कार्यक्रमात माइक हातात आला की गाणारीला घशाची आठवण व्हायची आणि ती सुरू करायची पांढरी पाचमध्ये! मी पेटीवर हात सरकवून घेईन, पण तबल्याचं काय? तबला एका सुरात लावलेला असतो. पट्टी बदलली की गट्ठे ठोकून तो पुन्हा लावावा लागतो, आणि समोर लोक बसलेले असताना तेवढा वेळ कोण देणार? मग तबला एका सुरात आणि गाणं दुसऱ्या सुरात. तबल्यावरच्या वहिनी माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे. स्पर्धेत नंबर हुकला की बोलणी आम्हा दोघींनाच. "साथ कमी पडली हो!"

आणि पेटीचं ओझं! दहा-अकरा किलोची पेटी रिक्षात चढवायची, उतरवायची, दोन जिने वर न्यायची, ती कुणी? जी वाजवते तिनं. रिक्षाभाडं तिच्याच पर्समधून. पावसाळ्यात सूर चिकटून बसले, भात्याला भोक पडलं, तबल्याची पुडी फाटली की दुरुस्तीला न्यायचं काम आणि खर्चही त्या-त्या बाईचाच. मंडळ चौदा जणींचं, वाद्यं मात्र दोघींची!

पुढाऱ्यांच्या त्या मेळाव्यात तर माझे डोळेच उघडले. मांडववाल्याला पैसे मिळाले, जेवणवाल्याला मिळाले. साउंडवाल्यानं निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय वायरचं भेंडोळं सोडलं नाही. आम्ही अडीच तास गाऊन-वाजवून उठलो, तर आमच्या हातात शाल आणि नारळ. मी रिक्षाभाड्याचं हळूच विचारलं, तर संयोजक हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही देवाचं करता. तुम्हाला पैशाचं विचारणं बरं दिसत नाही." त्या हंगामात माझ्या घरी अकरा नारळ जमले होते. आमचे हे म्हणाले, "आता खोबऱ्याच्या वड्यांचं दुकान टाकू या." मी हसले, पण रात्री झोप लागली नाही.

गैरसमज नको. देवळातल्या सेवेचे पैसे घ्यावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. काकडा मी जन्मभर फुकट वाजवीन. पण एखाद्याच्या प्रचाराला, दुकानाच्या उद्घाटनाला आमच्या आवडीचा फुकटात वापर व्हावा आणि वर त्याला 'देवाचं' म्हणावं, हे मला पटत नाही.

याच सुमारास बर्नआउट या शब्दाबद्दल वाचनात आलं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. दिवसभर स्वतःचा व्यवसाय आणि रात्री हा दवाखाना. तिथे आपणहून, जीव लावून येणारी माणसं साधारण वर्षभरात चिडचिडी, कोरडी होताना त्यांनी पाहिली. ते स्वतःही त्यातून गेले. १९७४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि बर्नआउट हा शब्द रूढ झाला. म्हणजे बघा, हे दुखणं आधी ओळखलं गेलं ते आवडीनं राबणाऱ्यांमध्येच!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं सांगितली. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा तिटकारा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही वाचताना मी मान डोलावत होते. पण पुढे लिहिलं होतं की ही व्याख्या फक्त नोकरी-व्यवसायातल्या ताणासाठी आहे. घ्या! म्हणजे आम्हा गृहिणींना कागदोपत्री थकायचीही सोय नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. ती पावणेपाच तासांहून जास्तीची ड्यूटी संपवून आम्ही पेटी उचलतो. ज्या हौसेनं त्या ड्यूटीचा शीण जावा, तीच हौस दुसरी ड्यूटी झाली तर बाईनं जायचं कुठं?

हे फक्त भजनी मंडळातच होतं असंही नाही. माझा मुलगा पुण्यात शिकायला होता, तिथे ढोल पथकात गेला. गणपतीच्या दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी सराव. पहिल्या वर्षी हाताला आलेले फोड त्यानं कौतुकानं दाखवले. दुसऱ्या वर्षी विसर्जनानंतर घरी आला तो दोन दिवस कानात गुणगुण घेऊनच. "आई, मला आता ढोलाचा आवाजच नको वाटतो," म्हणाला. पण पथक सोडतो म्हणायला त्याला वर्ष लागलं. सोडलं तर मित्र काय म्हणतील? तीच माझीही भीती होती.

आमच्या शेतावर एक विहीर आहे. माझे सासरे सांगायचे, सलग उपसा केला की आधी पाणी गढूळ येतं आणि मग मोटार नुसता गाळ ओढते. मोटार बंद ठेवावी लागते, झऱ्यांना वेळ द्यावा लागतो. बारा वर्षांत मी शेकडो कार्यक्रम वाजवले, पण स्वतःचा रियाझ म्हणून अर्धा तासही बसले नाही. नवं शिकले नाही, चांगलं कुणाचं ऐकायला गेले नाही. सगळा उपसाच!

गंमत म्हणजे याचं औषध मीच दुसऱ्यांना देत होते. बचत गटाच्या बायकांना मी दर महिन्याला सांगते, 'जमाखर्च सगळ्यांसमोर वाचा, काम वाटून घ्या, एकाच बाईवर गट चालवू नका, ती बसली की गट बसतो.' आणि माझ्या मंडळात? ना रजिस्टर, ना पाळी, ना निधी!

शेवटी धीर करून मी बैठक बोलावली. हात थरथरत होते, पण कागदावर लिहून नेलं होतं ते वाचलं. महिन्याला चारच कार्यक्रम. देवळाची सेवा विनामूल्य, बाकी ठिकाणी प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवायचं. दरमहा प्रत्येकीचे पन्नास रुपये वाद्यांच्या दुरुस्तीसाठी. पेटी उचलायची पाळी सगळ्यांना. सरावाला दोनदा न येणारी त्या कार्यक्रमात गाणार नाही. दोघी-तिघींनी पेटी-तबला शिकायचा. आणि फाल्गुनात, मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत, तुकाराम बीज सोडून मंडळाला महिनाभर सुट्टी!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोघी उठून गेल्या. एक जण म्हणाली, "ही आता पैशावर आली." ते अजूनही लागतं. अध्यक्षा काकू मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मलाही दोन वर्षं झाली नको वाटतंय. पण मीच काढलेलं मंडळ, मी कशी बोलू?" मी बघतच राहिले. शेजारी बसून टाळ वाजवणारी बाईही तीच भावना गिळून बसली होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत होतो!

त्यानंतर मी तीन महिने पेटीला हात लावला नाही. मंडळ बंद पडलं नाही, हे आधी जरा बोचलंच. मग बरं वाटलं. एका मुलीनं माझ्या जागी वाजवायला सुरुवात केली. चुकतमाकत, पण मनापासून.

आणि एका दुपारी, घरात सामसूम असताना, उगाचच पेटी उघडली. अभंग नाही, गौळण नाही. नुसते अलंकार, सा रे ग, रे ग म... परकरी पोर असताना शिकले होते तसे. नंतर थोडा भूप. कितीतरी वेळ गेला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आज कुणाचा कार्यक्रम गं?"

"कुणाचाच नाही हो आई," मी म्हटलं.

आता मंडळात आम्ही बाराजणी आहोत. सगळे नियम पाळले जातात असं नाही, साडीच्या रंगावर अजूनही वाद होतात. पण पेटीच्या पिशवीचा एक बंद माझ्या हातात असला तर दुसरा आणखी कुणाच्या तरी हातात असतो.

तुमच्यापैकी कुणी भजन गात असेल, कुणी कराओकेच्या ग्रुपमध्ये असेल, कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी फुकट पेटी वाजवत असेल. आपल्या आवडीचं गाणं लागल्यावर हात रेडिओ बंद करायला गेला, तर स्वतःला नावं ठेवू नका. 'भक्ती आटली' म्हणून रडत बसू नका. आधी एक वही घ्या आणि हिशेब मांडा, की ही हौस चौदा जणींची आहे की एकटीच्या खांद्यावर आहे? मग शेजारच्या मैत्रिणीला विचारा. कोण जाणे, तीही तुमच्याच विचारण्याची वाट बघत असेल!