तापाची पहिली गोळी आणि रक्ताची परीक्षा

मोठ्या कुटुंबांत औषधांचा एक डबा असतोच. मागील आजारांतून उरलेल्या गोळ्या त्यांत जपून ठेविलेल्या असतात, आणि कोणास ताप भरला कीं वडीलधारी मंडळी त्यांतील एखादी काढून देतात. काटकसर आणि माया या दोन गुणांतून निघालेली ही रीत असल्यामुळें तीस दोष देतांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ती गोळी प्रतिजैविकाची असेल, तर रोग तसाच राहून रोगाचा पुरावा तेवढा नाहींसा होण्याचा संभव असतो. हा पुरावा कोणता, तें या खेपेस सांगण्याचें योजिलें आहे.

कांहीं तापांत जंतु रक्तांत शिरलेले असतात. विषमज्वर, ज्यास सर्वत्र टायफॉईड म्हणतात, हें त्याचें परिचित उदाहरण. मूत्रमार्गाचा दाह, न्यूमोनिया, बाळंतपणानंतरचा जंतुदोष, मधुमेही माणसाच्या पायाची जखम यांतूनही ते रक्तांत उतरतात. ते इतके विरळ असतात कीं मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तांत पुष्कळदां एकही सांपडत नाहीं. म्हणून त्यांची वाढ करून त्यांस ओळखावें लागतें. या परीक्षेस डॉक्टर ‘ब्लड कल्चर’ म्हणतात. आपण रक्तसंवर्धन म्हणूं.

गृहिणींस ही क्रिया नवी नाहीं. कोमट दुधांत चमचाभर विरजण घालून भांडें उबेंत ठेविलें कीं रात्रींतून दहीं लागतें. तसेंच रोग्याचें रक्त पोषक द्रवाच्या बाटलींत घालून ती सुमारें ३७ अंश सेल्सिअस उष्णतेंत ठेवितात. जंतु वाढूं लागले कीं त्यांजपासून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु यंत्र टिपतें. बहुतेक रोगजंतु दोन दिवसांत प्रगट होतात. तरी बाटली सामान्यतः ५ दिवस ठेवितात. पुढें कोणतें औषध त्या जंतूवर चालतें आणि कोणतें चालत नाहीं, हेंही पाहतात.

विरजणाचे नियम येथेंही लागू आहेत. चमचा अस्वच्छ असला तर दहीं नासतें. म्हणून सुई टोंचण्यापूर्वीं त्वचा औषधानें पुसून वाळूं देतात, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणांहून रक्त घेतात. त्वचेवरचा जंतु एकाच ठिकाणच्या रक्तांत निघाला, तर तो बाहेरून आला असावा अशी शंका घेतां येते. रक्तही पुरेसें लागतें: मोठ्या माणसाचें प्रत्येक ठिकाणाहून सुमारें २० मिलिलिटर, नवजात बालकाचें सुमारें १. अंगांत ५ लिटर रक्त असतां एवढ्यानें मोठें माणूस अशक्त होत नाहीं. आणि कढत दुधांत विरजण घातलें तर दहीं लागत नाहीं, तसे प्रतिजैविक आधीं पोटांत गेलें तर जंतु बाटलींत वाढत नाहींत. ते शरीरांत अर्धवट दबून असतात. अहवाल ‘वाढ नाहीं’ असा येतो, ताप उतरत नाहीं, आणि डॉक्टरांस अंदाजानेंच औषध बदलावें लागतें.

नांदेडास विष्णुपुरी येथें डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नांवाचें, आणि लातुरास विलासराव देशमुख यांच्या नांवाची, अशा दोन शासकीय वैद्यकीय संस्था आहेत. किनवट, मुखेड, उदगीर, निलंगा येथून रोगी तेथवर पोंचेपर्यंत पुष्कळदां वाटेंत दोन-तीन औषधें झालेलीं असतात. सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरारंभीं २०२३ सालीं विष्णुपुरीच्या रुग्णालयांत २४ तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालकें होतीं. त्या मृत्यूंच्या कारणांचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु अनेक रोगी अत्यवस्थ स्थितींत आणले गेले होते, असें रुग्णालयानें त्या वेळीं सांगितलें होतें, आणि उशीर हा सर्वांनाच बाधतो.

तान्ह्या बालकांत रक्तांतील जंतुदोष ताप न येतांही असूं शकतो. बाळ अंगावर पिईनासें झालें, मलूल पडलें, अंग थंड लागूं लागलें, तर रात्र उजाडण्याची वाट पाहूं नये. वृद्धांत हुडहुडी, असंबद्ध बोलणें, जलद श्वास, लघवी कमी होणें हीं लक्षणें तितकींच गंभीर. अशा वेळीं रक्त घेऊन औषध तत्काळ, शक्य तर तासाभरांत, सुरू करावयाचें असतें. परीक्षेच्या नांवाखालीं उपचार खोळंबूं देणें हा दुसऱ्या टोंकाचा प्रमाद होय.

विषमज्वरासाठीं फर्नांड विडाल यांच्या नांवाची १८९६ सालची परीक्षा अजून सर्रास होते. ती लवकर कळते, परंतु पूर्वींचा आजार किंवा लस यांमुळेंही ती चकवूं शकते. पहिल्या आठवड्यांतील रक्तसंवर्धन अधिक खात्रीचें; मात्र तेंही सर्वच रोग्यांत जंतु दाखवितें असें नाहीं, म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

अनेक प्रतिजैविकें चिठ्ठीवांचून विकूं नयेत व त्यांची नोंद ठेवावी, असा नियम १ मार्च २०१४ पासून अमलांत आहे. तो दुकानदारानें पाळावा तसा घरांतही पाळावा. ताप लांबला आणि डॉक्टरांनीं प्रतिजैविक लिहिलें, तर नम्रपणें विचारावें, ‘डॉक्टरसाहेब, आधीं रक्त कल्चरला द्यावयाचें का?’ आणि घरांत एखादी गोळी दिली गेलीच असेल, तर तिचें नांव व वेळ न लाजतां त्यांच्या कानीं घालावी. लपविलेल्या गोळीपेक्षां सांगितलेली गोळी बरी.