पथ्याचा उपदेश आणि मीठ-भाकरीचे वास्तव

रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ असे बजावले की आरोग्यव्यवस्था आपले कर्तव्य संपले असे मानते. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, याविषयी वाद नाही. प्रौढ माणसाने दिवसाकाठी 5 ग्रॅमहून, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; भारतीय माणूस सरासरीने याहून कितीतरी अधिक खातो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांत शेकडा 21 व पुरुषांत शेकडा 24 जणांना उच्च रक्तदाब आढळला. हा काही केवळ सुखवस्तूंचा आजार नव्हे. गोळी आयुष्यभर आणि पथ्यही आयुष्यभर. प्रश्न एवढाच, की हे पथ्य पाळण्याची साधने कोणाच्या हाती आहेत?

भाजी महागली की ज्या घरात भाकरीबरोबर ठेचा नाहीतर कांदा-मीठ येते, तेथे मीठ हा जिभेचा चोचला नसतो. नसलेल्या कालवणाची जागा ते भरून काढते. सोडियमचा दुष्परिणाम काही अंशी सौम्य करणारे पोटॅशियम मिळते ते भाज्या, फळे आणि कडधान्ये यांतून. म्हणजे जे परवडत नाही ते पथ्य आणि जे परवडते ते कुपथ्य! 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ, गहू व भरड धान्याचा हक्क दिला; डाळीचा दिला नाही. ताटातून डाळ वगळणारे शासन मीठ वगळण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करते?

यावर युक्तिवाद होतो, की आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या चुलीवरच अन्नात पडते, मग कारखानदारांना बोल कशाला? युक्तिवादात तथ्य आहे. लोणचे, पापड, सुकी मासळी यांचा हिशेब प्रत्येक घराने मांडलाच पाहिजे. पापडखारात आणि खाण्याच्या सोड्यातही सोडियम असते. परंतु घरातला हात आखडता घेता येतो, पाकिटातले मीठ मात्र खाणाऱ्याला काढता येत नाही. पाळी संपवून निघालेला यंत्रमाग कामगार पाच रुपयांचे पाकीट घेतो, तेव्हा त्यावर ‘मीठ’ हा शब्दही त्याला सापडत नाही. बारीक अक्षरांत मिलिग्रॅम सोडियम छापलेले असते. त्याला अडीचने गुणावे, तेव्हा मिठाचे वजन कळावे! आणि हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही.

चिलीने 2016 पासून अतिखारट पाकिटांवर काळे अष्टकोनी इशाराचिन्ह सक्तीचे केले. दक्षिण आफ्रिकेने 2013 साली नियम करून पावासह अनेक पदार्थांतील सोडियमवर कायदेशीर मर्यादा घातली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 च्या मसुद्यात काय सुचवले? इशारा नव्हे, तर तारे! त्या गणितात पदार्थातील प्रथिने, तंतू वा सुकामेवा यांचे गुण मिठाच्या दोषातून वजा होतात. धोक्याच्या जागी प्रशस्तिपत्र देण्याचाच हा प्रकार. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी मुदत घालून द्यावी लागली. मिठाचे सेवन शेकडा 30 ने घटवण्याचे जागतिक उद्दिष्टही त्याच 2025 सालासाठी होते. ते साल उलटून गेले.

दरम्यान बाजाराने स्वतःचा उपाय शोधला आहे. सैंधव ‘आरोग्यदायी’ म्हणून चढ्या भावाने विकले जाते. वस्तुतः तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खरा पर्याय वेगळा आहे. चीनच्या 600 खेड्यांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण शेकडा 14 ने घटल्याचे दिसले. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणारे यांना ते घातक ठरू शकते. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच, परंतु रास्त भावाने, गरिबाच्या घरी पोचले पाहिजे. श्रीमंतांच्या दुकानातली ती शोभेची वस्तू होऊन चालणार नाही.

ही मध्यमवर्गीय आरोग्यचर्चा आहे, असे ज्या कार्यकर्त्यांना वाटते त्यांनी 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आठवावा. तेव्हा मिठावरील कराविरुद्ध लढा होता, कारण मीठ गरिबाच्या ताटात होते. ते आजही तेथेच आहे. रेशनवर डाळ, पाकिटावर मराठीतून ठळक इशारा, तयार पदार्थांतील मिठावर कायद्याची मर्यादा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळणारी रक्तदाबाची गोळी, या चार मागण्या प्रत्येक तहसील कचेरीवरील मोर्च्यात आल्या पाहिजेत. आणि पक्षाच्या शिबिरांत लोणचे-पापड-फरसाणाची जी रेलचेल असते, ती आवरण्यासाठी तर कोणत्याही सरकारच्या अध्यादेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.