नळाच्या पुढे

यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका वणी विधानसभा मतदारसंघात येतो. दक्षिणेला पैनगंगा वाहते, तरी कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पाण्याची चिंता सरत नाही. यवतमाळच्या भूजलात अनेक ठिकाणी फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली, की वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांचे दात डागाळू शकतात, प्रमाण फार वाढले तर सांधेही आखडू शकतात. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. 2019 च्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर शुद्ध पाण्याचे वचन दिले. आमदार निधीतून सभामंडप, रस्ते, बोअर होतात, फलकही लागतात. पण बोअरच्या पाण्याची तपासणी, नळयोजनेची देखभाल आणि वीजबिल यांचा जाब विधानसभेत विचारणे, हे आमदाराचे खरे काम. मतदारांनीही उद्घाटने मोजू नयेत. पाण्याचा तपासणी अहवाल मागावा.