मराठी प्रश्नपत्रिका सीमेअलीकडे का नाही?

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. बेळगावच्या केंद्रावर मात्र ती मराठीतून देता येत नाही, हे अर्ज भरायला बसल्यावरच कळते. २०२५ च्या माहितीपत्रकानुसार मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर आणि कन्नड फक्त कर्नाटकात. इंग्रजी, हिंदी व उर्दू तेवढ्या देशभर. बडोदे, इंदूर, पणजी येथील आपल्या मुलांनाही हाच नियम. दुपारी दीडला फाटक बंद होणाऱ्या परीक्षेसाठी बेळगावच्या मुलीने पहाटे कोल्हापूरची गाडी धरायची, तीही आपल्याच भाषेसाठी! १९५६ च्या प्रांतरचनेचा हिशेब असा परीक्षेच्या बाकापर्यंत येऊन पोहोचला आहे.

परीक्षा सोपी नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न, पैकी निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. २०२१ ते २०२४ या काळात काही प्रश्न सोडून देण्याची मुभा होती, ती २०२५ मध्ये गेली. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये सर्वोच्च गुण ६८६. काठिण्य असे वर्षागणिक हलते, पण आधार एकच, एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके. त्यातला शब्द न् शब्द महत्त्वाचा. २०२४ मध्ये अणूवरील एका प्रश्नात जुन्या पुस्तकातील वाक्यामुळे दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत घेतले, उत्तर एकच ठरले आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले.

एका वाक्यावर इतके अवलंबून असेल तर भाषेचा प्रश्न केवळ अस्मितेचा उरत नाही. आपली मुले दहावीपर्यंत तंतुकणिका, प्रथिने, कर्बोदके शिकतात. हिंदी पुस्तकात तंतुकणिकेची सूत्रकणिका होते. "हिंदी घ्या, जवळचीच आहे" हा सल्ला देणाऱ्यांनी ती पुस्तके एकदा उघडून पाहावीत.

अर्थात मराठी प्रश्नपत्रिका मिळाली की सारे झाले, असेही नाही. २०१८ मध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या भाषांतरावर आक्षेप आले. मद्रास उच्च न्यायालयाने १९६ गुण द्यायला सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल रद्द केला. भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण, हा नियम कायम आहे. म्हणून शेजारी छापलेले इंग्रजी वाचता येणे मराठीतून लिहिणाऱ्यालाही चुकत नाही.

आणखी एक गोष्ट आपसात बोलायला हवी. बेळगावात दहावीनंतर विज्ञान इंग्रजीतूनच शिकावे लागते. दोन वर्षे इंग्रजीत काढलेली किती मुले परीक्षेला मराठी मागतील? उद्या दिल्लीहून कोणी हे विचारले तर आमच्याकडे आज आकडा नाही, आणि आकड्याविना पाठवलेले निवेदन कुठल्या फायलीत जाते हे सीमाभागाला नव्याने सांगायला नको.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा अकरावी-बारावी विज्ञानाचे मूल आहे, त्यांनी गाव, इयत्ता आणि प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत हवी, एवढेच दिवाळीपूर्वी कळवावे. नाव नको. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मंडळांनाही आम्ही तशी विनंती करत आहोत. आकडा लहान निघाला तरी तो आहे तसाच केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे जाईल.