पिल्लू पिंजऱ्यातच घाण करते, दोष कुणाचा?



मागच्या दोन-तीन महिन्यांत आमच्या वस्तीतल्या तीन घरांतून एकच तक्रार कानावर आली. मुलांनी हट्ट करून कुत्र्याचे पिल्लू आणले, त्याला पिंजऱ्यात किंवा खोक्यात ठेवले, आणि ते झोपायच्या जागेतच घाण करून त्यात लोळते. एका घरात पिल्लाला मार बसला. दुसऱ्या घरच्यांनी त्याला रात्री बाजाराच्या मागे नेऊन सोडले. तिसरे घर अजून विचारात आहे. त्या तिसऱ्या घरासाठी आज आमच्याच घरची हकिकत सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलीने गटाराच्या कडेला भिजत पडलेले एक गावठी पिल्लू उचलून आणले. जेमतेम दोन महिन्यांचे असेल. मीही मान डोलावली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे त्याच्या मोठ्या कुत्र्याचा जाळीचा पिंजरा पडून होता, तो टेम्पोत घालून आणला. खाली गोणपाट अंथरले, वाटीत दूध ठेवले आणि आपले काम झाले असे समजून मी निवांत झालो. पोरीने नाव ठेवले शेरू.

दुसऱ्या दिवसापासून घरात वास सुटला. आमची खोली दहा बाय बाराची. पहाटे पाचला पत्नी उठायची ती आधी शेरूचा पिंजरा धुवायची, मग डबे करायची, मग पॅकिंगच्या कामाला पळायची. संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेच. मी दोनदा पिल्लाचे नाक त्या घाणीत घासले, एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलेही. त्याने एवढेच झाले की शेरू मला बघितले की ट्रंकेच्या मागे दडू लागला आणि तिथेच शू करू लागला.

दहाव्या दिवशी पत्नी बादली खाली ठेवून म्हणाली, "अहो, पिल्लू तुम्ही आणि पोरीनं आणलं. घाण मात्र मीच का काढायची?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. सभेत समतेवर बोलणारा माणूस घरात गप्प बसला. मग रागाने म्हणालो, "ठीक आहे, आज रात्री सोडून येतो."

कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली माझी आई म्हणाली, "चार वर्साचा होईस्तवर तू गोधडी ओली करायचास. रोज सकाळी मी वाळत घालायची. तुला कुठं बाजारात सोडून आले का?"

मुलगी हसली, पत्नीही हसली. मी पिल्लू पिशवीत घातले आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, पिंजरा केवढा? मी हाताने माप दाखवले. डॉक्टर म्हणाले, हा तर वासराचा गोठा झाला. पिल्लाला उपजत एक समज असते. जन्मल्यावर पहिले काही दिवस आईच चाटून त्याची शी-शू करवते आणि साफ करते. तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लू स्वतःच झोपायच्या जागेपासून लांब सरकून घाण करू लागते. पण पिंजरा खोलीसारखा मोठा असला की ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्याचा संडास करते. पिंजरा एवढाच हवा की पिल्लाला नीट उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे. मोठा पिंजरा असेल तर मध्ये फळी लावावी आणि पिल्लू वाढेल तशी ती मागे सरकवावी. फार लहानही नको. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न, किती वेळ बंद असते? सकाळी नऊ ते दुपारी दोन, मी म्हणालो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे मुलगी शाळेतून येईपर्यंत पिल्लाला बाहेर काढणारे कोणी नसते. डॉक्टरांनी ढोबळ हिशेब सांगितला. पिल्लू जितक्या महिन्यांचे, तितके तास ते रोखू शकते, फार तर एक तास जास्त. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू दोन, फार तर तीन तास. आम्ही त्याला पाच तास कोंडत होतो. ते बिचारे घाण करणार नाही तर काय करणार?

हे ऐकून मला आमच्या वस्तीतली सकाळ आठवली. डबा हातात घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहणे काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कामावर सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या भगिनी आपल्याच घरांत आहेत. ज्यांनी हे सोसले त्यांनी तरी बंद दाराआड अडकलेल्या जिवाची अडचण ओळखायला हवी. मी मात्र ओळखली नाही.

तिसरा प्रश्न, काय खाते आणि किती वाजता? आम्ही दिवसभर वाटीत दूध ठेवत होतो, वर मुलांची ग्लुकोज बिस्किटे. डॉक्टरांनी दूध बंद केले. गायी-म्हशीचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. जुलाब झालेले पिल्लू कोणत्याच शिस्तीने रोखू शकत नाही. त्याऐवजी मऊ भात किंवा चपाती, उकडलेले अंडे, कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, असे दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, आणि ठरलेल्या वेळी. कांदा-लसूण आणि तिखट-मीठ नको. कांदा कुत्र्याला विषारी असतो. खाणे वेळेवर गेले की बाहेर येणेही वेळेवर होते. पाणी दिवसभर द्यावेच, फक्त झोपण्याच्या तास-दीड तास आधी वाटी उचलावी.

चौथा प्रश्न, जंताचे औषध दिले का? नव्हते दिले. शेरूचे पोट नगाऱ्यासारखे फुगले होते, ते आम्हाला बाळसे वाटत होते. पहिले तीन महिने साधारण दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध द्यावे लागते, किती ते वजनावर डॉक्टर ठरवतात. हे जंत लहान मुलांनाही त्रास देतात, म्हणून पिल्लाशी खेळल्यावर आणि घाण उचलल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

वहीतला हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस. लिहून काढल्याशिवाय मला काही उमगत नाही. एक जुनी वही घेतली आणि रकाने आखले: उठला किती वाजता, खाल्ले किती वाजता, शू केव्हा, शी केव्हा, कुठे. नोंद करायचे काम मुलीकडे दिले. आठवड्यात सगळे स्वच्छ दिसू लागले. झोपेतून उठला की लगेच शू. खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात शी. खेळून दमला की शू. आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास एकदा. ज्याला आम्ही खोडी म्हणत होतो, ते घड्याळासारखे चालले होते. आम्हीच घड्याळ बघत नव्हतो.

मग भिंतीवर वेळापत्रक लावले. पहाटे साडेतीनला मोबाईलचा गजर लावून मी. सकाळी सहाला आणि खाण्यानंतर मुलगी. साडेआठला, ऑफिसला निघण्यापूर्वी, पुन्हा मी. अकरा वाजता शेजारच्या मावशींचा दुपारच्या शाळेत जाणारा मुलगा. दुपारी दोननंतर मुलगी, रात्री झोपण्यापूर्वी मी. पहिला महिना पत्नीचे नाव त्या कागदावर घातलेच नाही.

जागा एकच ठरवली. डॉक्टरांनी बजावले होते की लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री जिथे घाण करतात तिथे पिल्लाला नेऊ नका, कारण पार्व्हो हा जीवघेणा रोग विष्ठेतून पसरतो. म्हणून गॅलरीच्या टोकाला एक पसरट घमेले ठेवले आणि त्यात माती भरली. शेरूला उचलून त्यात ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. काम झाले की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचे आणि अंड्याचा कण द्यायचा. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल हे त्याला कळत नाही. पाच-दहा मिनिटांत काही झाले नाही तर परत आणायचे, पण मोकळे सोडायचे नाही. डोळ्यासमोर ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यायचे. जमीन हुंगत गोल फिरू लागला, कुंईकुंई करू लागला, की वेळ झाली समजायचे.

घरात घाण झालीच तर ओरडायचे नाही, मारायचे नाही. मार खाल्लेले पिल्लू "इथे करू नये" हे शिकत नाही. ते "माणसासमोर करू नये" एवढेच शिकते आणि मग पलंगाखाली करते. करताना दिसला तर टाळी वाजवून उचलायचे आणि घमेल्यात ठेवायचे. नंतर दिसले तर मुकाट्याने पुसायचे.

पुसण्यातही आमची चूक होत होती. आम्ही वास मारायला भरपूर फिनेल ओतत होतो. आपल्या नाकाला वास गेला तरी कुत्र्याच्या नाकाला तो राहतो आणि ते पुन्हा तीच जागा धरते. शिवाय ओले फिनेल पिल्लाने चाटले तर अपाय होतो. आधी कागदाने टिपावे, मग धुण्याची पावडर आणि पाण्याने धुवावे, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून पुसावे. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नये, विषारी वायू निघतो. अमोनिया असलेले औषध वापरू नये, त्याचा वास मुतासारखाच असतो. गोणपाटही काही दिवस काढून टाकले. जाड अंथरूण शू शोषून घेते आणि पिल्लू वर कोरडे राहते, म्हणून त्याला चूक जाणवतच नाही.

पिंजरा शिक्षेची जागा होऊ नये हेही महत्त्वाचे. शेरूला खायला त्यातच देऊ लागलो आणि दार पुष्कळ वेळ उघडे ठेवू लागलो. ज्यांच्या घरी दिवसभर कुणीच नसते त्यांनी पिल्लाला पिंजऱ्यात कोंडू नये. कोपरा फळीने अडवावा, एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला मातीचे घमेले ठेवावे. दुकानातल्या किंवा विकणाऱ्याच्या घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाची उपजत समज मोडलेली असते. त्याला जास्त वेळ लागतो, पण तेही शिकते.

केव्हा थांबू नये

रक्ताची शी, सारखी उलटी, खाणे-पिणे बंद, पिल्लू मलूल, यातले काही दिसले तर शिस्तीचा विचार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थेंब थेंब शू होणे, कळ लागणे हेही दुखणेच. पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. मुंबईकरांना परळचे बैल-घोडा हॉस्पिटल माहीत आहेच. तालुक्या-तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत. पिल्लाने मुलाला चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच इस्पितळात जाऊन लस घ्यावी. चुना, हळद, मिरची लावू नये.

शेरू आता सात महिन्यांचा आहे. लसी झाल्यावर आम्ही त्याला खाली मैदानाच्या कडेला नेऊ लागलो. आठ-दहा दिवसांत घाण निम्मी झाली, पण पूर्ण भरवसा यायला पाच महिने लागले. मध्ये दोनदा बिघडले, दोन्ही वेळा आमचेच वेळापत्रक चुकले होते. खाली जाताना मुलगी जुना कागद बरोबर नेते आणि शी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकते. ते पहिल्या दिवसापासून सांगितले आहे. रस्त्यावर सोडलेली घाण आपोआप जात नाही. ती सकाळी कुणीतरी सफाई कामगार उचलतो, आणि तो आपल्यातलाच कुणाचा तरी बाप असतो, भाऊ असतो.

तेव्हा त्या तिसऱ्या घराला माझे सांगणे एवढेच. पिल्लू सोडून देऊ नका. उपाशी-तहानलेले मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून येणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. आधी पिंजरा मोजा, वही घाला, आणि वेळापत्रकावर घरातल्या सगळ्यांची नावे लिहा, पुरुषांची सर्वांत आधी. आणि ज्यांनी अजून पिल्लू आणलेले नाही, त्यांनी पहाटे साडेतीनला कोण उठणार हे आधी ठरवावे. कुणीच उठणार नसेल तर आणू नये.

परवा मी दमून आलो आणि रात्रीचा फेरा विसरून आडवा झालो. शेरू दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागला. पत्नी पांघरुणातूनच म्हणाली, "त्याला वेळ कळायला लागली, आता तुमचं बघा." मी उठलो, चप्पल घातली.