दरपत्रकातील सौंदर्यशास्त्र

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा चित्रीकरणाचे दरपत्रक समजावून देण्याचे काम आमच्याकडे आले. सहकारी पदार्थविज्ञानाचे. ‘तुम्ही भाषेची माणसे, तुम्हांला कळेल,’ हा त्यांचा विश्वास. कागदावर ‘सिनेमॅटिक’, ‘कॅन्डिड’, ‘ट्रॅडिशनल’, ‘हायलाइट’, ‘टीझर’ अशी नावे होती आणि प्रत्येकापुढे एक आकडा. आम्ही हसलो, इंग्रजीच्या त्या वरातीवर दोन कोट्या केल्या आणि कागद परत केला. घरच्यांनी ‘ट्रॅडिशनल’वर काट मारली, कारण तो शब्द जुनाट वाटला. प्रस्तुत लेख त्या हसण्याविरुद्ध आहे, म्हणजे मुख्यतः आमच्याविरुद्ध आहे.

लग्नात वधूच्या आजीने स्वतः रचलेले मंगलाष्टक वहीच्या पानावरून म्हटले होते. चार मिनिटांच्या सिनेमॅटिक चित्रफितीत आजी तीन सेकंद दिसते. संथ गतीत तिचे ओठ हलतात आणि वर एक हिंदी गाणे चालू असते. पुढच्या श्रावणात आजी गेली. वहीचे पान घरात कुणालाच सापडले नाही. मूळ चित्रीकरण मागायला गेल्यावर कळले, की ‘रॉ डेटा’ ही बाब दरपत्रकात नव्हती आणि कॅमेऱ्याची कार्डे पुढच्या लग्नांसाठी केव्हाच पुसली गेली होती. चित्रीकरण करणाऱ्याने फसवले असे म्हणता येत नाही. लिहिले होते तेवढे त्याने दिले. काय लिहिले आहे ते वाचण्याची जबाबदारी आमची होती.

आता तो कागद पुन्हा वाचू. ‘सिनेमॅटिक’ हे वस्तूचे नाव नाही, ते स्तुतिपर विशेषण आहे. व्यवहारात त्याचा अर्थ साधारण असा: पार्श्वभूमी धूसर करणारे भिंग, जिंबलवर तरंगत जाणारा कॅमेरा, रंगसंस्करण, संथ गती आणि गाण्याच्या तालावर केलेले संकलन. यातील प्रत्येक गोष्ट काहीतरी देते आणि काहीतरी घेते. धूसर पार्श्वभूमीत आत्या-मावश्या विरघळून जातात. संथ गतीची किंमत याहून मोठी. सेकंदाला 50 चौकटी टिपून त्या 25च्या वेगाने दाखवल्या की काळ दुप्पट ताणला जातो. ताणलेला आवाज ऐकवत नाही आणि अनेक कॅमेरे त्या पद्धतीत आवाज नोंदवतच नाहीत. म्हणजे संथ गती मागितली तेव्हाच त्या क्षणाच्या आवाजावर पाणी सोडले. हे कुणी सांगत नाही, आणि विचारायचे असते हे आम्हांला ठाऊक नव्हते.

‘ट्रॅडिशनल’ म्हणजे विधींचे सलग, आवाजासकट केलेले चित्रण. सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत कॅमेरा जागेवर उभा असतो. कंटाळवाणे असते, हे मान्य. तीन तासांची अशी फीत कोण बघतो, असे विचारले जाते. पण नोंदीची वही रोज वाचण्यासाठी नसतेच. ‘हायलाइट’ म्हणजे त्यातून वेचलेली काही मिनिटे, आणि ‘टीझर’ त्याहूनही आखूड. ही दोन्ही नावे निवडीची आहेत, आणि निवड कोण करणार हा प्रश्न त्यांत दडलेला आहे. ‘कॅन्डिड’ म्हणजे पवित्रा न घेता, नकळत टिपलेले. पण ‘जरा कॅन्डिड हसा’ ही आज्ञा आम्ही या कानांनी ऐकली आहे. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र. मते मागणारे रोमन खडूने पांढरा केलेला झगा घालत, म्हणून निवडणुकीतला कॅन्डिडेट आणि मांडवातला कॅन्डिड फोटो एकाच घरचे. दोघांच्या निरागसतेबद्दल आम्ही अधिक बोलत नाही.) त्या कागदावर मोजता येण्याजोगा शब्द एकच होता, ‘फोर-के’. 3840 गुणिले 2160 बिंदू, फुल एचडीच्या चौपट. विशेष म्हणजे सहकाऱ्यांनी चौकशी केली ती त्याचीच.

ज्याला ‘साधे शूटिंग’ म्हणून हिणवले जाते, त्याची वंशावळ लहान नाही. सावेदादा भाटवडेकरांनी 1899मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, 1901मध्ये रँग्लर परांजपे यांचे मायदेशी झालेले स्वागत टिपले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913चा. आपल्याकडे कॅमेरा कथेच्या आधी घडणाऱ्या प्रसंगासमोर उभा राहिला. चित्रपटाच्या इतिहासावर तास घेताना आम्ही हे सांगतो. मात्र मांडवातल्या शूटिंगवाल्याचा त्या परंपरेशी काही संबंध आहे, हे आम्हांला कधी सुचले नाही.

आमच्या शुद्धतावादी मित्रांचा उपाय ठरलेला आहे: मराठी प्रतिशब्द करा. ‘सिनेमॅटिक’ला ‘चित्रपटसदृश’ म्हटल्याने काय साधणार? पोकळ शब्दाचे भाषांतर केले की पोकळीचे भाषांतर होते. दुसरा पक्ष म्हणतो, ‘ही तंत्राची बाब, आपण साहित्याची माणसे.’ कवितेतल्या एका विशेषणावर दोन तास घालवणाऱ्यांनी लाखभर रुपयांच्या विशेषणापुढे हात टेकावेत, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते.

कायद्याची भाषा इथे अधिक नेमकी आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17नुसार, मोबदला देऊन कुणी छायाचित्र वा चित्रपट करवून घेतला, तर उलट करार नसेल तेव्हा करवून घेणाराच त्या हक्काचा पहिला मालक असतो. ‘उलट करार नसेल तेव्हा’ या चार शब्दांत सगळी मेख आहे. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ अशी ओळ असते, ती म्हणजेच तो उलट करार. आणि हक्क आपला असला तरी मूळ फाइली किती महिने जपायच्या हे त्यातून आपोआप ठरत नाही. ते वेगळे लिहून घ्यावे लागते.

सहकाऱ्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न वैशाखात झाले. या वेळी आम्ही विशेषणे खोडली आणि क्रियापदे लिहिली. कोणते विधी सलग टिपायचे, आवाज कुठून घ्यायचा, मूळ चित्रण कशावर व किती दिवसांत द्यायचे, ते मिळाल्याची पोच येईपर्यंत कार्डे पुसायची नाहीत. स्टुडिओवाला मुलगा पंचविशीचा असेल. कागद त्याने दोनदा वाचला, खिशातले पेन काढले आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘मंगलाष्टके म्हणणाऱ्यांची नावे आदल्या दिवशी कळवावीत, माइक लावायचा आहे.’