हौद्याच्या कडेला बसलेला वस्ताद चालतो, मग व्हीलचेअरवरचे सर का नाही?

एक सरळ प्रश्न. कुबडी घेऊन चालणारं पोरगं कराटेच्या क्लासला गेलं तर काय ऐकून परत येतं? "पडलं-बिडलं तर जबाबदारी कोणाची? त्याला कॅरम लावा की!"

अहो, पडायचं कसं हाच तर ज्युदोतला पहिला धडा! ज्याला रोज रस्त्यात पडायची भीती, त्यालाच तो नाकारायचा? आणि एकट्यानं ये-जा करणाऱ्या दिव्यांग मुलीला स्वसंरक्षण नको, तर कोणाला हवं?

"जमणार कसं?" म्हणणाऱ्यांनी जरा जगाकडं बघावं. अंधांचा ज्युदो १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांना धरलेलं असतं, मुख्य बदल एवढाच. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कपिल परमारनं त्यात कांस्यपदक घेतलं. हातानं अधू असलेल्यांचं तायक्वांदो टोकियोपासून पॅरालिम्पिकमध्ये आलं, तिथं गुण लाथेला. पॅरा-कराटेत व्हीलचेअरवर बसून काता करतात. नियम थोडा वाकवला, खेळ तोच राहिला.

आता शिकवण्याचं. तालमीत गुडघे गेलेला म्हातारा वस्ताद हौद्याच्या कडेला बसून नुसत्या आवाजावर पोरं घडवतो. "तुम्ही स्वतः डाव करून दाखवा" असं त्याला कोणी म्हणतं का? नाही. त्याची नजर आणि अनुभव पुरतो. मग पोलिओ झालेला माणूस शिकवतो म्हटलं की कपाळाला आठ्या का? वयानं थकलेलं शरीर चालतं, जन्मानं किंवा अपघातानं वेगळं झालेलं चालत नाही, हा कुठला न्याय बे?

'चंदू चॅम्पियन' बघून सगळ्यांनी डोळे पुसले. आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, तरी १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण आणलं. पडद्यावरच्या पेटकरांना टाळ्या, आणि गल्लीतल्या पोराला "घरी बस"?

हे उपकार मागणं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० सांगतं: खेळाचे कार्यक्रम आणि जागा दिव्यांगांना सामील होता येईल अशा करा. महापालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे, असाही नियम आहे. म्हणून मागण्या तीनच:

१. पालिकेची शाळा, हॉल किंवा मैदान क्लासला देताना "दिव्यांगांना प्रवेश नाकारणार नाही" ही अट घाला. पायऱ्या असतील तिथं रॅम्प करा.
२. त्या ५ टक्क्यांतून मॅट आणि प्रशिक्षकांचं प्रशिक्षण द्या.
३. शिकवण्याची पात्रता असलेल्या दिव्यांगांना प्रशिक्षक म्हणून मानधनावर घ्या. सत्काराची शाल पुरे झाली.

आणि आपण काय करायचं? उद्या आपल्या गल्लीतल्या क्लासला जाऊन विचारा, "दिव्यांग मुलाला घेता का?" हो म्हणाले तर त्यांचं नाव इथं अभिमानानं लिहा. नाही म्हणाले तर कारण विचारा, आणि कारण ऐकून गप्प बसू नका.